‘उरलेली वाफ’चा आमचा क्रम

६ जानेवारी, सोमवार
आला! अकरा वर्षांनी ‘बॉयलर’चा अल्बम आला. नाव ‘उरलेली वाफ’. दहा गाणी.

सुधीर ऑफिसला गेल्यावर पलंगावर आडवी पडून, हेडफोन लावून, सलग ऐकला. ऑपरेशननंतर सहा आठवडे जड उचलायचं नाही, वाकायचं नाही. गर्भाशय काढल्यावर बाई एकदम काचेची होते, असं घरातल्यांना वाटतं. असो. ऐकायला कुणी बंदी घातलेली नाही.

पहिलं गाणं ‘मुकादम’ — अंगावर काटा! तोच ज्ञानू. कॉलेजात असताना वाशीच्या मैदानावर पहिल्यांदा ऐकला तेव्हाचा. तुर्भ्याच्या कारखान्यात काम करणारी चार पोरं, आणि हा पुढे उभा राहून ओरडतोय, आणि आपल्याला वाटतंय, आपल्याच घरातलं कुणीतरी शेवटी खरं बोललं.

पण मग? चौथ्या गाण्यापासून आवाज खाली. सातव्यात खरखर. शेवटचं ‘उजेड कमी कर’ म्हणजे गाणंच नाही, नुसतं कुजबुजणं. मध्येच एका ओळीवर आवाज फुटतो, आणि त्यांनी तो तसाच ठेवलाय. का ठेवला? संपल्यावर उगाच रडू आलं. रागाने.

७ जानेवारी
आमच्या बॉयलरवेड्यांच्या ग्रुपवर आग लागली आहे. हरेशने बँडच्या पानावर सगळ्यांसमोर लिहिलं — ‘गला गेला त घरी बस, ज्ञानू. आमाला फसवू नको.’

हरेश बोनकोड्याचा. बापाच्या शेतावर आता चार मजली इमारत, खाली स्वतःचा हॉल. पन्नाशी उलटली तरी बॉयलरचा टी-शर्ट घालूनच लग्नाला जातो. मी फोन करून म्हटलं, “हरेशभाऊ, खोडा ते. बरं दिसत नाही.”
“ताई, मना राग आलाय. राग बी आपल्याच मानसाचा येतो ना?”
नाही खोडलं.

९ जानेवारी
नमिताने तोडगा काढला. ही ग्रुपमधली सगळ्यात लहान, ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये. आम्ही मैदानावर नाचायचो तेव्हा हिचा जन्मही नव्हता. तिचं म्हणणं — गाणी वाईट नाहीत, क्रम वाईट आहे. सगळी ताकद आधीच संपवून टाकलीय. आपण आपला क्रम लावू.
दुपारभर मेसेज, मेसेज, मेसेज. हरेश म्हणतो शेवटची दोन गाणी काढूनच टाका. मी म्हटलं, एकही काढायचं नाही. अकरा वर्षं वाट बघून मिळालेलं कोण टाकतं?
रात्रीचं जेवण सुधीरने केलं. वरणात मीठ नव्हतं. गपचूप खाल्लं. हा माणूस नाट्यसंगीतवाला, बॉयलरला ‘तुझा तो गोंगाट’ म्हणतो, तरी भात वाढताना विचारतो, “मग? आज कुठलं गाणं कुठे गेलं?”

१२ जानेवारी, रविवार
जमलं. माझीच कल्पना, म्हणून जास्त आनंद. ‘उजेड कमी कर’ सगळ्यात पहिलं! कुजबुजण्यापासून सुरुवात. मग ‘पत्रा’, मग ‘सायडिंग’, आवाज हळूहळू वर चढत जातो, आणि शेवटी ‘मुकादम’ — डरकाळी! ‘खारं पाणी’ पाचवं. यावरून हरेश आणि नमिता दोन दिवस भांडले, शेवटी हरेश जिंकला.
सलग ऐकलं. वेगळाच अल्बम! जणू कुणी अंधाऱ्या खोलीतून उठून, जिना उतरून, भर उन्हात रस्त्यावर आलंय.
लेक जाई गेल्या वर्षी बंगळुरूला गेल्यापासून घरात भांडायला कुणी नव्हतं. बरं वाटतंय मला. खरंच बरं वाटतंय.

१४ जानेवारी
सुधीरने विकतचे तिळाचे लाडू आणले. “गोड बोल,” म्हणाला. “म्हणजे हरेशशी सुद्धा.”
येत्या रविवारी हरेशच्या हॉलमध्ये सगळे जमणार. मोठ्या स्पीकरवर आमचा क्रम. नमिताने बँडच्या वामनलाही निरोप पाठवला — बेस वाजवतो तो. ऐरोलीलाच राहतो म्हणे. येतोय कसला!

१९ जानेवारी, रविवार
वामन आला.

नीट लिहून ठेवते.

सुधीरने रिक्षाने सावकाश नेलं, उशी पाठीला लावून. पंधरा-वीस माणसं. हरेशच्या आई — पुतळाबाय — मला बघून म्हणाल्या, “ऑपरेशन झालंय ना गो तुझा? मंग खुर्चीव बस. खाली नको बसू.” आणि हातात तांदळाची तळलेली गोड बोरं ठेवली. वामन दारातच उभा. पांढरी दाढी, साधा चेक्सचा शर्ट. हरेश नुसता बघत राहिला. ज्या माणसाला स्टेजवर बघून शिट्ट्या मारल्या, तो चपला काढून आपल्या हॉलमध्ये!

नमिताने सुरू केलं. वामन डोळे मिटून ऐकत होता. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला त्याने हाताने तोंड झाकलं. मला वाटलं, आवडलं नाही. शेवटी ‘मुकादम’ संपलं, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि हा रडतोय! हुंदके देऊन.

नमिता घाबरली. “सर, आमचं चुकलं का? आम्ही फक्त क्रम—”
“नाही गं,” तो म्हणाला. “तुम्ही त्याला बरं केलंत.”

कुणालाच कळेना. मग त्याने सांगितलं. ज्ञानूच्या गळ्यात गाठ आहे. रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. ‘मुकादम’ पहिल्या दिवशी गायला. मग दर महिन्याला आवाज थोडा थोडा गेला. ज्या क्रमाने गायला त्याच क्रमाने अल्बम निघाला. कंपनीवाले बदला म्हणत होते. ज्ञानूने ऐकलं नाही. म्हणाला, झालं तसं राहू दे. ‘उजेड कमी कर’ गायला तेव्हा रिपोर्ट खिशात होता.
“आम्ही उतरत गेलो,” वामन म्हणाला, “तुम्ही चढवत आणलंत. त्या दिवसांपासून मी ही गाणी ऐकू शकलो नव्हतो. आज पूर्ण ऐकली.”

हरेशने विचारलं, “त्याने… मी लिवलेला वाचला?”
“वाचलं. हसला. म्हणाला, याचे कान चांगले आहेत.”
हरेश उठून बाहेर गेला. खूप वेळ आला नाही. त्याची आई त्याच्यामागे गेली, पण एकटीच परत आली.

२१ जानेवारी
सकाळी हरेशचा फोन. “ताई, मना एकट्याला नाय जमनार. तू चल.”
सुधीर म्हणाला, जा. गाडी सावकाश चालवायला सांग.

तुर्भ्याला ज्ञानूचं दोन खोल्यांचं घर. त्याची बायको यशोदाबाई दार उघडून म्हणाली, “पाच मिनिटं बसा. जास्त बोलवू नका त्यांना.” तो पलंगावर, मफलर गुंडाळून. किती लहान वाटला! स्टेजवर केवढा दिसायचा.

हरेश समोर बसला. तोंड उघडलं — शब्द नाही. पुन्हा उघडलं. नाही.
ज्ञानू कुजबुजला, “अरे, गळा माझा गेलाय. तुझ्या आवाजाला काय झालं?”
आणि हरेश हसता हसता रडायला लागला. पाया पडायला वाकला तर ज्ञानूने खांदा धरून उठवला. म्हणाला, “मला बोलायची बंदी आहे. तू बोल.”

मग हरेश बोलला! तीस वर्षांचं सगळं. कुठल्या मैदानावर पाऊस आला, कुठे लाइट गेली आणि ज्ञानू माइकशिवाय गायला, बापाने टी-शर्ट चुलीत घातला तेव्हा दुसरा कसा शिवून घेतला. पाच मिनिटांचा तास झाला. यशोदाबाईंनी हटकलं नाही, उलट दुसऱ्यांदा चहा टाकला.

मी काय बोलले? निघताना फक्त ‘थँक यू’. एवढ्या वर्षांचं एवढंसंच तोंडातून आलं. त्याने हात जोडले. पुरे झालं मला.

परतताना गाडीत आम्ही त्यांचा क्रम लावला. मुकादमपासून उजेडपर्यंत, जसा तो गायला तसा. कोपरखैरण्याला आमच्या गेटसमोर गाडी थांबवून शेवटचं गाणं पूर्ण ऐकलं. ती फुटलेली ओळ आली तेव्हा हरेशने आवाज वाढवला.

४ फेब्रुवारी
ज्ञानूचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागलं. आता आवाज नाही. माणूस आहे! सुधीरने न सांगता देवापुढे दिवा लावला — गोंगाटवाल्यासाठी.

५ फेब्रुवारी
आज काही लिहिवत नाही. तो आवाज पुन्हा नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
सकाळी ग्रुपवर एक अनोळखी नंबर आला, वामनने जोडलेला. पहिला मेसेज — ‘मी ज्ञानू. बोलता येत नाही, टाइप करतो. तुमचा क्रम काल ऐकला. ‘खारं पाणी’ पाचवं ठेवणारा गाढव कोण?’
हरेश तासभर त्याच्याशी भांडतोय. कुणीच ऐकायला तयार नाही!