माझा ट्रॅक्टर आणि गव्हर्नर गेल्याची बातमी

मी, मनुबाई, सुभेदार कै. आकाराम थोरबोले यांची पत्नी, वय सदुसष्ट, धंदा शेती व भाड्याचा ट्रॅक्टर, राहणार इस्लामपूरजवळची थोरबोले वाडी, ता. वाळवा, जि. सांगली, आज रोजी हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही, आणि तशी कोणाची हिंमतही नाही. मजकूर मी सांगितला व सांगलीतल्या विश्रामबागचे चिंतामण वकील यांनी लिहिला. "मनुबाई, हे वाक्य कायद्याला लागत नाही," असे ते मधूनमधून म्हणाले. ती सर्व वाक्ये माझ्या आग्रहाने ठेवली आहेत.

१. राहत्या घराची दर्शनी खोली, तिच्यातल्या खुर्च्यांसह, माझा एकुलता मुलगा राजवर्धन यास द्यावी. त्याला माणसे भेटायला येतात, निदान तो तसे म्हणतो. बाकीचे घर सून रेश्मा हिचे.

२. विहिरीजवळचे उसाचे रान माझ्या स्वतःच्या खरेदीचे आहे. ते दोघांना निम्मे निम्मे. मध्ये बांध घालू नये.

३. म्हैस शेजारीण हरणाबाई हिला द्यावी. म्हैस मारकी आहे असे ती गावभर सांगत असते. आता घरी नेऊन खात्री करून घ्यावी.

४. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, मळणी यंत्र व गवत कापायचे यंत्र ही सर्व अवजारे एकट्या रेश्माच्या मालकीची होतील. राजवर्धनचा त्यांवर कसलाही हक्क राहणार नाही. असे का, हे कोर्टात कोणी विचारू नये म्हणून इथेच सांगते.

हा सुभेदारांच्या मागे मी घेतलेला ट्रॅक्टर आहे. त्याच्या डिझेलच्या पंपात गव्हर्नर नावाचा एक भाग असतो. ओल्या काळ्या रानात माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर रुतला, की इंजिन दबते. तेव्हा हा गव्हर्नर न सांगता तेल वाढवतो आणि इंजिन बंद पडू देत नाही. पण त्यालाही मर्यादा आहे. आवाज खाली बसू लागला की चालवणाऱ्याने आपण होऊन खालचा गिअर घ्यावा, नाहीतर अवजार बोटभर उचलावे. गवत कापताना हाताचा ॲक्सिलेटर एकदा लावला की त्याला शिवू नये, सावकाश जायचे तर गिअरने जावे. एवढे केले तर गव्हर्नर आपले काम करतो. रेश्माला हे पहिल्याच हंगामात उमगले. राजवर्धनला ट्रॅक्टरवर बसलेला फोटो आवडतो.

आमच्या भागात एक शिक्षण संस्था आहे. नाव लिहीत नाही, चिंतामण वकील नको म्हणतात. तिचे अध्यक्ष गुंडा आण्णा. राजवर्धन त्यांच्या गाडीचे दार उघडायचे काम करी व त्याला समाजकार्य म्हणे. चौऱ्याण्णव साली दिवाळीनंतर संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला राज्याचे गव्हर्नर, म्हणजे राज्यपाल, येणार असे ठरले. संस्थेला मोठे क्रीडांगण होते, आणि त्यावर कमरेएवढे गवत होते. कारण क्रीडांगण अहवालासाठी होते, मुलांसाठी नव्हते. "आईचा ट्रॅक्टर फुकट गवत कापंल," असे राजवर्धनने आण्णांना परस्पर सांगून टाकले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी रेश्मा आणि मी तिथे गेलो. रेश्माने निम्मे मैदान सुरेख कापले. तेवढ्यात फोटोवाला आला, आणि राजवर्धनने तिला खाली उतरवले. पांढरे कपडे घालून तो वर बसला. आण्णांना भाषणाच्या तालमीत आवाज नको होता, म्हणून त्याने ॲक्सिलेटर कमी केला, वरचा गिअर टाकला आणि दाट गवतात शिरला. इंजिन गप्प. पुन्हा चालू केले, पुन्हा गप्प. लोक बघत होते.

"आवं, खालचा गिअर घ्या," रेश्मा म्हणाली.

"तू मला शिकवू नगंस. ह्याला ताकदच कमी पडतीया."

मग त्याने पान्हा मागवला, पंपावरचे सील तोडले आणि आतला स्क्रू पिळला. आत काहीतरी तुटले. इंजिन असे किंचाळले की फोटोवाला पळाला. रेश्माने धावत जाऊन बंद करायचा नॉब ओढला, म्हणून इंजिन फुटले नाही.

संस्थेच्या कचेरीत फोन होता. मी इस्लामपूरच्या मिस्त्रीला लावला. लाइन खराब, म्हणून मोठ्याने बोलले, "गव्हर्नर गेला. उद्याचं काय खरं न्हाई."

दारात संस्थेचा लिपिक ज्ञानू उभा होता. त्याचा चेहरा उतरला.

"कवा गेलं?" त्याने विचारले.

"आत्ताच की."

"कशानं वो?"

"लोड आला एकदम. सोसला न्हाई."

ज्ञानूने डोक्यावरची टोपी काढली. मला वाटले, भला माणूस आहे, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचे एवढे वाईट वाटते. मी मिस्त्रीला आणायला निघून गेले.

मी मिस्त्रीला घेऊन परतले तर शाळेतली सगळी पोरे उन्हात ओळीने उभी, झेंडा अर्ध्यावर, स्वागताचे हार एका फोटोला घातलेले, आणि गुंडा आण्णा माइकवर. आण्णांनी भाषण नवीन लिहिले नव्हते. स्वागताचेच होते. फक्त "लाभले" होते तिथे "हरपले" म्हणत होते, आणि बाकी सगळे जसेच्या तसे बसत होते. शेवटी दोन मिनिटे शांतता झाली, शाळेला सुट्टी जाहीर झाली आणि मुंबईला शोकसंदेशाची तार गेली. मी मिस्त्रीला विचारले, "कोण गेलं रं?" तो म्हणाला, "तुमीच फोनवर सांगितलासा की, गव्हर्नर."

तेव्हा मला उलगडा झाला. मी आण्णांना सांगायला पुढे झाले, तर राजवर्धनने मला बाजूला घेतले. "शोकसभेत मधी बोलू नगं आई, बरं दिसत न्हाई," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बंदोबस्त बघायला सरकारी जीप आली. साहेबाने झेंडा पाहिला, कारण विचारले आणि जीपमध्ये बसून परत गेला. गव्हर्नर ठणठणीत होते. अपरिहार्य कारणाने ते आलेच नाहीत.

आठवड्याने राजवर्धन एक टाइप केलेला कागद घेऊन आला. मी खोटी अफवा पसरवली, त्याबद्दल संस्थेची माफी मागते, असे त्यात होते.

"नुसती सही कर आई. आण्णा मला संस्थेत घ्यायला तयार हायत."

"गव्हर्नर तुज्या हातानं मोडला. ते हितं लिव्ह, मग करते सही."

"तसं कसं लिवायचं?"

"मग असं तरी कसं लिवायचं?"

त्याने खिशातले पेन काढले. मला वाटले, लिहील. मग कागद घडी घालून निघून गेला. आण्णांनी ती सही ज्ञानूची घेतली व राजवर्धनला तरीही घेतले. तो विश्रामबागेत राहू लागला. रेश्माला न्यायला आला, तेव्हा ती म्हणाली, "पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर सोडून कशी येऊ?" नंतर त्याने विचारले नाही.

आण्णांच्या माणसांनी आमचा ट्रॅक्टर बोलवायचा बंद केला. रेश्माने कराडच्या बाजूला कामे धरली. पंप दुरुस्त करून आणला आणि नवे सील स्वतः उभे राहून बसवून घेतले. सुरुवातीला दर रविवारी मी एक माणूस जादा धरून भाकरी करीत असे. रेश्मा ती उरलेली भाकरी सोमवारी रानात घेऊन जाई.

यंदा माघात माझ्या छातीत दुखले. राजवर्धन दवाखान्यात आला, दोन दिवस खुर्चीवर बसून राहिला. घरी जायच्या दिवशी त्याने विचारले, "गव्हर्नर बसला का नीट?"

मी म्हटले, "बसला."

माझी पिशवी त्याने उचलली. म्हणून कलम २ मध्ये निम्मे रान आहे. आधी नव्हते.

५. राजवर्धन परत आल्यास रेश्माने त्याला घरात घ्यावे की नाही, हे रेश्माने ठरवावे. ट्रॅक्टरवर घेतल्यास पहिला हंगाम मडगार्डवर बसवावे. पंपाला हात लावू देऊ नये.

६. माझ्या मागे सदर संस्थेने शोकसभा घेऊ नये. भाषण तयार आहे, हे मला ठाऊक आहे.

७. याआधी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. या दस्ताची अंमलबजावणी चिंतामण वकिलांनी करावी आणि एकही वाक्य गाळू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी दोनदा हसले व सही केली.

ठिकाण: सांगली. तारीख: १९ एप्रिल १९९७.

(सही) मनुबाई आकाराम थोरबोले

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली व ज्यांनी एकमेकांसमोर सह्या केल्या:
(सही) सिद्धू बाबू माळी, शेती
(सही) धुळा विठू हाके, मेंढपाळ

डॉक्टरांचा दाखला: मी, डॉ. सुमंत केळकर, सांगली, सही होण्यापूर्वी मनुबाईंना तपासले. नाव, वार व तारीख त्यांनी अचूक सांगितली. देशाचे पंतप्रधान कोण, असे विचारता त्या म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात पडलं ते सांगू, का पुढच्या आठवड्यात येनार ते?" त्यांची मानसिक स्थिती उत्तम असल्याचे प्रमाणित करतो.