गुडघा आधी टेकला होता

वाल्देरोब्ले, लेओन प्रांत, स्पेन
२० जून २०११

ती. आजोबांस,
कोरिनचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोहोचले. प्रवासात फक्त एक मोजा हरवला. स्पॅनिश शिकायला आलेल्या आमच्या चौदा जणांच्या तुकडीला गावातल्या घरांत वाटून दिलंय. मी अम्पारोबाईंकडे आहे. त्यांच्याकडे गायी आहेत, चीज करतात, आणि घरात सगळे एकाच वेळी बोलतात. कोण कोणाचं ऐकतं ते अजून कळलेलं नाही. रात्री दहाला जेवायला बसतात. तोवर माझं पोट इंग्रजीत ओरडत असतं.

इंग्रजीचं म्हणाल तर ते सात आठवडे बंद. आम्ही सगळ्यांनी शपथेवर सही केली आहे. फोन आमच्या शिक्षिका ब्रॅनिगनबाईंच्या कपाटात कुलूपबंद आहेत. आठवड्यातून एक पत्र तेवढं घरच्या भाषेत लिहायला परवानगी आहे, ते हे. तीनदा इंग्रजी बोलताना सापडलं की परत पाठवतात. माझं एकदा झालं. गोठ्यात एका गायीने पायावर पाय दिला आणि मी तिला काय म्हणाले ते तुम्हाला लिहीत नाही. खिडकीतून ब्रॅनिगनबाई बघत होत्या. गाय इंग्रजी समजत नाही, हे माझं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं नाही.

तेव्हापासून मी एक सोपा उपाय काढलाय: बोलायचंच नाही. मान हलवते, हसते, भांडी घासते. अम्पारोबाईंची मुलगी नेरेआ माझ्याहून वर्षाने मोठी आहे. तिने माझं नाव मुकी ठेवलंय. दोन दिवसांत सगळं गाव मला त्या नावाने हाक मारायला लागलं.

आईने सांगितलं असेलच, पण तुम्ही बसपाशी आला नाहीत ते मला लागलं. कुस्तीचं शिबिर सोडून इथे आले म्हणून तुम्ही रागावलात, ते कळतं. पण मला एकदा तरी असं काहीतरी करून बघायचं होतं, जे मला येत नाही. उत्तर लिहा. दोन ओळींचं असलं तरी चालेल.

तुमच्या गुरगुरण्यासकट तुम्ही हवे असणारी,
कोरिन


स्पिलव्हिल, आयोवा
२९ जून २०११

चि. कोरिन हिस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. मका गुडघ्याच्या वर आलाय. पाऊस बेताचा आहे. तुझ्या आईला कारखान्यात रात्रपाळी लागली आहे, त्यामुळे स्वयंपाक मी करतो आणि ती तो मुकाट्याने खाते.

शिबिर सोमवारी सुरू झालं. प्रशिक्षकांनी विचारलं, की तुमची नात कुठे आहे? मी सांगितलं, ती स्पेनमध्ये भांडी घासते आहे. ते हसले. मला हसू आलं नाही. तीस वर्षं मी शाळेच्या पोरांना कुस्ती शिकवली. पोरांच्या संघात उतरून त्यांना पाडणारी तुझ्यासारखी एकच मुलगी माझ्या हाताखालून गेली, आणि ऐन उमेदीचा उन्हाळा तिने असा घालवला. बसपाशी आलो असतो तर हेच बोललो असतो. म्हणून नाही आलो.

आता झालं ते झालं. पण एक सांगतो. आखाड्यात उतरून जो नुसता मागे मागे सरकत राहतो त्याला आम्ही काय म्हणतो ते तुला ठाऊक आहे. तू सात हजार किलोमीटर जाऊन तेच करते आहेस. तोंड बंद ठेवून भाषा कशी येणार, हे मला तरी समजत नाही. चुकलीस तर चुकलीस. पडल्याशिवाय कोणाला पाडता आलंय?

समोरच्या घरातल्या मेक्सिकोच्या बाई, ओटिलियाबाई, काल कुंपणापाशी भेटल्या. पाच वर्षांत आमचं हात हलवण्यापलीकडे काही झालं नव्हतं. तू स्पेनला गेलीस हे कळल्यावर त्यांनी मला तासभर थांबवून घेतलं. मला त्यातलं निम्मं कळलं. त्यांनी एक डबा दिला. आत काय होतं देव जाणे, पण डोळ्यांतून पाणी आलं आणि मी सगळं संपवलं.

मोजे पाठवतो आहे. लोभ आहे, तो कुठे जातोय.
आजोबा


वाल्देरोब्ले
८ जुलै २०११

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

बसून वाचा. इथे कुस्ती आहे.

तुमचं पत्र यायच्या आदल्याच दिवशी मी नेरेआच्या मागे गवत कापायला कुरणात गेले होते. तिथे दहा-बारा मुलंमुली अनवाणी उभी होती. प्रत्येकाच्या कमरेला चामड्याचा पट्टा. समोरच्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरायचा आणि कुस्ती संपेपर्यंत सोडायचा नाही. पाय धरायचे नाहीत, खाली लोळत झुंजायचं नाही. पाठ टेकली की पूर्ण पाडाव. नुसता गुडघा किंवा हात टेकला तर अर्धा. दोन पूर्ण झाले की जिंकलं; त्याआधी वेळ संपली तर जो पुढे तो जिंकला. हे सगळं कुरणात, गवतावर. गायी बघत असतात.

नेरेआ गेल्या वर्षीची या खोऱ्यातली विजेती आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असेल तर मला कळलं नव्हतं. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, की मुकीलाही एक पट्टा द्या, निदान खुंटी म्हणून तरी उपयोग होईल. हे वाक्य मात्र मला अक्षरन् अक्षर कळलं. मी पट्टा बांधला. तिने मला पहिल्या झटक्यात अस्मान दाखवलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मी तिला पाडलं आणि ती गवतात पडल्या पडल्या हसत सुटली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी जाते. आजोबा, तिथे गप्प राहताच येत नाही. कोपर आत घे, पाय बदल, आता उचल, असं सगळे ओरडत असतात आणि समजलं नाही की आपटी खावी लागते. वर्गात तीन आठवडे न शिरलेले शब्द पाठीतून आत शिरले. घरी आल्यावर अम्पारोबाई गुडघ्याला मलम चोळतात आणि चोळता चोळता मला रागावतात. आता मी उलट उत्तरं देते. चुकीची देते, पण देते.

एक वाईट बातमी आहे. दुसऱ्यांदा इंग्रजी सापडलं. पट्ट्यात बोट अडकलं आणि तोंडातून शब्द गेला. ब्रॅनिगनबाईंनी बोलावून सांगितलं, की आता एकदा जरी झालं तरी विमानात बसवीन. त्या तसं करतील. मागच्या आठवड्यात त्यांनी एका मुलाला खरंच पाठवलं. पंचवीस तारखेला गावची जत्रा आहे आणि तिथे मुलींच्या कुस्त्या आहेत. नाव दिलं आहे. तोवर माझी जीभ जागेवर राहो, असं मनात म्हणा.

पट्टा धरलेला असताना आतली टांग कशी मारायची? हात मोकळे नाहीत. लवकर लिहा.

धडपडणारी,
कोरिन


स्पिलव्हिल
१५ जुलै २०११

चि. कोरिन हिस,
आशीर्वाद, आणि हे तातडीच्या टपालाने.

हात मोकळे नाहीत हे रडगाणं नको. पट्टा हाच तुझा हात. तो वर ओढू नकोस, स्वतःच्या छातीकडे ओढ. ती मागे रेलेल. ती रेलली की उजवा पाय तिच्या दोन पायांच्या मधून आत, तिच्या पोटरीमागे. मग खांद्याने ढकल. खाली बघायचं नाही. मी तुझ्या आईच्या कमरेला माझा पट्टा बांधून करून बघितलं. जमतं. तुझी आई तुला आशीर्वाद सांगते आणि माझ्याशी बोलत नाही.

इथल्या शिबिरात हे कोणी शिकवलं नसतं. बाकी काही म्हणत नाही.

तुझ्या मागे उभा असलेला,
आजोबा


वाल्देरोब्ले
२७ जुलै २०११

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे, सगळं अंग दुखतंय. जत्रा झाली. कुस्त्या चांगल्या झाल्या. शेवटची माझी आणि नेरेआची लागली. मध्ये पंचांशी थोडा वाद झाला, पण मिटला. मी जिंकले. तुमची टांग लागू पडली.

मला एकच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. तो वाद संपल्यावर माझ्या लक्षात आलं, की इतका वेळ मी मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवलंच नव्हतं. सरळ बोलत होते. पायाखाली काही नसताना चालल्यासारखं वाटलं, आणि पडले नाही.

अम्पारोबाईंनी तुम्हाला वेगळं पत्र लिहिलंय. मला वाचू देत नाहीत. ओटिलियाबाईंकडून वाचून घ्या.

तुमची,
कोरिन


वाल्देरोब्ले
२७ जुलै २०११

मा. श्री. लेरॉय स्कार्दा यांस,
आपली ओळख नाही, तरी घरचे समजून नमस्कार.

आपली नात काही सांगणार नाही, म्हणून मी लिहिते. आई म्हणून मी नेरेआच्या बाजूने ओरडत होते, हे आधीच सांगून टाकते.

शेवटच्या कुस्तीत दोघींचा एक एक पूर्ण पाडाव झाला होता. सगळं गाव कुरणाभोवती उभं होतं. पुढच्या रांगेत कोरिनच्या तुकडीच्या ब्रॅनिगनबाई. तिसऱ्या झटापटीत दोघी एकदमच कोसळल्या. नेरेआ पाठीवर, कोरिन तिच्या अंगावर. आमचे पंच डॉन फ्लोरेन्सियो (डॉन आम्ही मानाने म्हणतो) यांनी कोरिनचा हात वर केला. झालं, संपलं. मी चेहरा फिरवला.

तेवढ्यात आपल्या नातीने हात खाली ओढून घेतला आणि पंचांना म्हणाली की हे बरोबर नाही. डॉन फ्लोरेन्सियोंना वाटलं, पोरीला कळलं नाही. त्यांनी सावकाश समजावलं की तू जिंकलीस. ती म्हणाली की कळलंय, पण माझं लाटणं आधी टेकलं होतं. आमच्या भाषेत गुडघा आणि लाटणं यांत एका स्वराचा फरक. सगळं गाव खो खो हसायला लागलं. बेकरीवाला ओरडला, की लाटणं माझ्या दुकानात आहे. दुसरी कोणी असती तर तिथेच रडली असती. तिने स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली, हिरवा डाग दाखवला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पंच चिडले. म्हणाले, की मी जन्मभर पंचगिरी केली, पाडाव परत घ्या म्हणणारं कोणी भेटलं नाही. दमली आहेस, पाणी पी आणि बक्षीस घे. ती म्हणाली, की तुमचे डोळे नेरेआच्या पाठीवर होते, माझा गुडघा माझा आहे, तो कधी टेकला हे मला ठाऊक आहे. त्यांनी नेरेआला विचारलं. नेरेआ म्हणाली, मला काय विचारता, मी आकाश बघत होते.

मग ब्रॅनिगनबाई उठल्या. त्यांनी तिला सांगितलं, की हवं तर मला इंग्रजीत सांग, मी समजावते, आज ते धरणार नाही. लोकही म्हणायला लागले, की सांग बाई, सुटका कर. कोरिनने नको म्हटलं. ती म्हणाली, की कुस्ती इथल्या भाषेत झाली आहे, भांडणही इथल्याच भाषेत होईल. क्रियापदं सगळी चुकीची होती, पण एकही माणूस हसला नाही. डॉन फ्लोरेन्सियोंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि पाडाव रद्द करून नेरेआला अर्धा दिला.

म्हणजे आता नेरेआ पुढे, आणि वेळ अगदी थोडा उरलेला. दोघींनी पट्टे धरले. कोरिनने नेरेआला अशी छातीकडे ओढली की मला वाटलं ही मिठी मारते आहे. मग तिचा पाय कुठून आत गेला ते मला दिसलं नाही. माझी मुलगी चीतपट पडली, स्वच्छ, कोणाला शंका घ्यायला जागा नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण नेरेआने उठून तिला खांद्यावर घेतलं आणि कुरणाला फेरी मारली, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवत होते. बेकरीवाल्याने खरंच लाटणं आणून तिच्या हातात दिलं.

आता कामाचं. एकवीस ऑगस्टला प्रांताच्या कुस्त्या आहेत. गावाच्या वतीने दोघींना पाठवायचं, असं डॉन फ्लोरेन्सियो स्वतः येऊन सांगून गेले. तुकडी त्याआधीच परतते. आपण आणि तिच्या आईने होकार दिला तर ती तोवर आमच्याकडे राहील. ताटात वाढलेलं सगळं खाते आणि उलट बोलते, म्हणजे घरचीच झाली आहे.

उत्तराची वाट बघते. घरातल्या सगळ्यांना आमची आठवण सांगावी.
अम्पारो


स्पिलव्हिल
५ ऑगस्ट २०११

चि. कोरिन हिस,
माझे आणि तुझ्या आईचे पोटभर आशीर्वाद.

होकार कळवलाच आहे. काल ओटिलियाबाईंनी फोनवर अम्पारोबाईंशी बोलणं केलं. मी शेजारी उभा होतो. पहिल्या मिनिटात माझा विषय संपला आणि पुढचा पाऊण तास त्या दोघी कशाबद्दल बोलत होत्या ते मला सांगायला तयार नाहीत.

अम्पारोबाईंचं पत्र ओटिलियाबाईंनी त्यांच्या ओसरीवर बसून वाचून दाखवलं. त्यांचे यजमान आणि दोन्ही मुली ऐकायला बसल्या. तू हात खाली ओढलास त्या जागी त्या थांबल्या. मी म्हटलं, पुन्हा वाचा. पुन्हा वाचल्यावर म्हटलं, अजून एकदा. तिसऱ्यांदा त्यांनी पत्र बाजूला ठेवलं आणि मला रुमाल दिला.

पोरी, माझ्या हाताखालून बरेच विजेते गेले. भिंतीवर त्यांचे फोटो आहेत. हातात आलेली कुस्ती परत देणारा त्यांत एकही नाही, आणि परत देऊन पुन्हा जिंकून आणणारा तर मी ऐकलेलाही नाही. ते तू अशा भाषेत केलंस जी जूनमध्ये तुला बोलता येत नव्हती. तुझा उन्हाळा वाया गेला असं मी लिहिलं होतं. ते लिहिणारा माणूस आता या घरात राहत नाही.

शिबिराच्या प्रशिक्षकांनी बाजारात पुन्हा विचारलं, की नात काय करते? मी सांगितलं. त्यांना घरी जायची घाई होती, पण मी सगळं सांगितलं.

आता बातमी. कॅनडात मासे धरायला जायचं म्हणून काढलेला पासपोर्ट अजून चालतो, असं कळलं. वीस तारखेला दुपारी लेओनच्या स्टेशनवर मी उतरतोय. तुझ्या आईला रजा मिळाली आहे, तीही येते. पुढच्या रांगेत दोन जागा धरून ठेव. ओटिलियाबाईंनी मला रोज सकाळी शिकवणी लावली आहे. त्या म्हणतात, की तुमची जीभ नांगरासारखी आहे, जड आणि एकाच दिशेने जाणारी. तरी एक वाक्य पक्कं झालंय. अम्पारोबाईंचा हात हातात घेऊन मी ते म्हणणार आहे, की माझ्या नातीला तुम्ही सांभाळलंत. त्यांनी काही उलट विचारलं, तर मला त्यातलं काहीही कळणार नाही. तेव्हा माझ्या शेजारी उभी राहा. तिथे माझ्या वतीने तुलाच बोलायचं आहे.

भेटीपर्यंत लोभ वाढता असो.
आजोबा