चिठ्ठीवरचं नाव

२ जून, सोमवार
आज रुजू झाले. माळशिरसहून पहाटेच्या एसटीनं निघाले होते. जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावरची खोली मिळालीय, वारा भरपूर. घरमालकीणबाईंनी आल्याआल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात ठेवली. संशोधन केंद्र रिक्षानं पंधरा मिनिटांवर. काम तपकिरी फुलपाखरांचं. लोकांना रंगीत आवडतात, मला हीच. वाळल्या पानावर बसली की दिसेनाशी होतात. केंद्रात त्यांच्या एकोणीस पेट्या आहेत. प्रत्येक फुलपाखरू टाचणीवर, खाली बोटाच्या पेराएवढी चिठ्ठी: गाव, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. प्रमुख सोमेश सर फार मृदू बोलतात. आईला फोन करून सांगितलं, पोरगी मार्गी लागली तुझी.

५ जून, गुरुवार
दिवसभर पंखांवरचे डोळे मोजते. डोळा म्हणजे काळा ठिपका, भोवती पिवळं कडं, मधे चांदीचं टिंब. पावसाळ्यात जन्मलेल्यांना ते ठसठशीत असतात, उन्हाळ्यातल्यांचे पंख कोरे. जात तीच. पूर्वी अभ्यासकांनी याच घोळात एकेका जातीला दोन-दोन नावं दिली. चिठ्ठ्या सगळ्या एकाच अक्षरात आहेत, बारीक आणि देखणं. पकडणारी: धम्मप्रिया. सर म्हणाले, आधीची सहायक, सोडून गेली.

१२ जून, गुरुवार
मंगळवेढ्याकडच्या माळावरची एक जात नवी ठरतेय, शोधनिबंध लवकरच छापायला जाईल. सरांनी सगळ्या चिठ्ठ्या नव्यानं लिहायला सांगितल्या. पकडणाऱ्याच्या जागी त्यांचं नाव. मी विचारलं, आणि तिचं? ते चष्मा पुसत म्हणाले, "निबंधात दुसरं नाव तुझं असेल, राजनंदिनी."
विचार करायला मी एक दिवससुद्धा मागून घेतला नाही. सहाशे बारा चिठ्ठ्या लिहायला आठवडा पुरेल.

१९ जून, गुरुवार
झाल्या. जुन्या मागच्या आवारात मीच जाळल्या.
दुपारी येसूबाई आल्या, धम्मप्रियाची आई. लेकीच्या अक्षरातली एखादी चिठ्ठी तरी द्या म्हणाल्या. वह्यासुद्धा केंद्रानं ठेवून घेतल्यात. सर आतच बसून राहिले, मला पुढे केलं. मी म्हणाले, इथं तिचं काही नाही, मावशी. त्या बराच वेळ माझ्या शाईच्या बोटांकडे बघत होत्या. पाणी दिलं, ते घेतलं नाही.
त्या गेल्यावर झाडलोट करणाऱ्या गौरम्मानं सांगितलं. दोन वर्षांपूर्वीचा मे. सकाळी आधीच्या एका निबंधातल्या नावावरून धम्मप्रिया सरांशी भांडली, तरी केंद्राच्या गाडीनं माळावर गेली. दुपारी गाडीनं तिला परत आणायचं होतं.
"सरांनी गाडी पाटवलीच न्हाय की," गौरम्मा म्हणाली. "जरा कळू दे तिला, म्हणले. दुसऱ्या दिशी मेंढक्यांना मरून पडलेली घावली. बाटली कोरडी."
निबंधातली नवी जात तिनं त्याच दिवशी पकडलेली, चिठ्ठ्यांसकट तिच्या पिशवीत मिळाली. एकोणिसावी पेटी.

२३ जून, सोमवार
एकोणिसावी पेटी उघडली. मे महिन्यातली फुलपाखरं, पंख कोरे हवेत. आज प्रत्येकावर सहा डोळे आहेत. गुरुवारच्या माझ्या नोंदीत शून्य लिहिलंय. सरांना दाखवलं. त्यांनी पेटी झटकन मिटली आणि पाणी मागितलं.

२६ जून, गुरुवार
सर सारखं पाणी पितायत. एक जार सकाळी संपला, दुसरा जेवणाआधी. ओठ फुटलेत. बाहेर पाऊस, केबिनमध्ये एसी, आणि ते म्हणतात ऊन लागतंय, पडदा ओढ. पडदा ओढलेलाच होता.

३० जून, सोमवार
सर गेले. भर दुपारी, खुर्चीत. टेबलावर चार भरलेल्या बाटल्या. डॉक्टर म्हणाले उष्माघात, आणि मग स्वतःच खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत राहिले. सरांची कातडी वाळल्या पानासारखी झाली होती. मुठीत कागदाची राख निघाली.
ती राख मी ओळखते.

१ जुलै
आता एकोणीसही पेट्यांत डोळे. मी खोलीभर फिरले तसे ते—
तहान लागलीय.

३ जुलै
येसूबाईंच्या घरी गेले. सगळं सांगितलं, जाळल्याचंही. त्या शेवटी म्हणाल्या, "मी माफ करीन, पोरी. तिचं मला न्हाय सांगता यायचं."
तांब्या भरून दिला. सगळा प्यायले. घशाखाली वाळू उतरल्यासारखी—

४ जुलै
पुन्हा लिहितेय, सगळ्या, तिच्या नावानं. गावं आठवत नाहीत. तारखा नाहीत. नाव तेवढं येतं. दोनशे झाल्या. जीभ टाळूला चिकटलीय. आईला फोन लावला, आवाजच—

५ जुलै
खिडकीतून पावसात हात धरला. कोरडा.
सहाशे बारा पुऱ्या केल्या. दारात ती उभी आहे. दुपारच्या उजेडात स्पष्ट दिसतेय. मी म्हटलं, बघ, सगळ्या झाल्या.
ती म्हणाली, एक राहिली. तुझी.
हात थांबत नाही—
गाव सोलापूर. तारीख ५ जुलै. पकडणारी धम्म