भागीरथाच्या ओटीची सफरचंदं

१६ ऑक्टोबर १९९१
आदिलाबादहून सहा सफरचंदं आणली. भागीरथाच्या ओटीसाठी. तिची सासू बेल्लमपल्लीला कोळसा खाणीच्या क्वार्टरात राहते, तिला आता पेरू चालत नाही! "ओटीत सफरचंदच पायजे." ओटी सत्तावीसला, रविवारी. तोवर टिकणार कशी? पोरीची आधीची दोन पोटातच गेली. हा सातवा महिना. एक जरी फळ सडकं निघालं तर सगळ्या बाया बोट दाखवतील.

१७ ऑक्टोबर
शेजारच्या द्वारकाबाईनं उपाय सांगितला. कडुलिंबाचा पाला उकळून थंड करायचा, फळं त्यात भिजवायची. पुसून वरून कोरफडीचा गर. सावलीत वाळवून टोपल्यात, खालीवर लिंबाचाच पाला. केलं सगळं. घरची भांडी कडू होतील, म्हणून गोठ्यातला निळा टप घेतला.

भागीरथाचा बाप दारात उभा. "अवं, आयक ना —" "काय पाह्यता? जा ना वावरात!" म्हटलं. गेला.

१९ ऑक्टोबर
वरचं एक दाबून पाहिलं. टणक! द्वारकाबाईला म्हटलं, तू तर डाक्टरीण. "फी काढ मंग," म्हणे.

२४ ऑक्टोबर
भागीरथा आली. पाय सुजलेत. "आई, एक सफरचंद दे ना." ओटीच्या आधी? खेकसली तिच्यावर.

२५ ऑक्टोबर
दुपारी टप परत ठेवायला गोठ्यात गेली. कोपऱ्यात कपाशीच्या अळीचं औषध, शेजारी कालवायची काठी. जमिनीवर गोल डाग — बरोब्बर टपाएवढा! ह्याच टपात जहर कालवतात! आणि मी त्यातच पोरीची फळं भिजवली. लिंब चांगला, कोरफड चांगली, आणि टप असा!

धावत टोपलं उघडलं. पाच. पुन्हा मोजली. पाचच! सहावं कुठं?

भागीरथाला हलवून उठवलं. "खाल्लं का? खरं सांग!" रडायला लागली. "नाही वं आई, शप्पत." पण ती मला भेते. भेणारी पोर खरं बोलते का?

तिच्या पोटावर हात ठेवून बसली. हलतंय. हलतंय. आता नाही हलत. — हललं! हात काढायची हिंमत होत नाही. डाव्या हातानं दाबून बसली, उजव्यानं लिहून राह्यली.

त्याच दिवशी, दिवा लावायच्या वेळी
भागीरथाचा बाप वावरातून आला. टपाचं सांगितलं. खालीच बसला.

"सहावं म्या खाल्लं. सोमवारी. सालीसकट."

"काऊन?"

"पोरीच्या आधी पाहू म्हटलं. टप घासला होता म्या राखेनं, पण भरोसा नाही. चार दिस झाले. काही नाही झालं मले."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगाले आलतो ना त्या दिवशी. तू बोलू देतं?"

२६ ऑक्टोबर
उरलेली पाचही बांधावर खड्डा करून पुरली. ओटीत पेरू घालीन. विहीणबाईला काय बोलायचं ते बोलू दे.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली. ह्या माणसाला जहराची नाही, माझ्या तोंडाची भीती जास्त.