जामबागची दगडी भिंत

अप्पा, जामबागच्या कॉलेजची तुमची भिंत मागच्या आठवड्यात मी फोडली. पुण्याहून हैदराबादला मुद्दाम आलो त्यासाठी. ठेकेदार म्हणाला, तुझ्या गावचं काम आहे, जातोस का? म्हटलं, मलाच पाठवा. तुम्ही गेलात तेव्हासुद्धा मी एवढ्या घाईनं आलो नव्हतो.

तो दिवस अजून दिसतो: याच भिंतीला लावलेल्या परांचीवर तुम्ही उभे आहात. मी एकोणीस वर्षांचा, आठवी नापास, पण विटांवरच्या दगडांची एक अख्खी ओळ मी नुसत्या क्लिपा आणि बोल्टवर बसवलीय, चिकटवायचं केमिकल न लावता. मनात एवढंच, की उद्या एखादा दगड बदलायचा झाला तर तो धड निघावा. तुम्ही ओरडलात, "देखो रे, हमारा बेटा तंबू गाड रा! भिंत आहे बाबा ही, उरूस उठल्यावर गुंडाळून न्यायचीय का?" वरपासून खालपर्यंत सगळे मिस्त्री हसले. माझी ओळ माझ्याच हातानं उतरवायला लावलीत आणि केमिकलनं चिकटवलीत. "उखडताना दगड फुटला पाहिजे, जोड नाही. त्याला काम म्हणतात." त्या दिवसापासून मी सगळ्यांचा तंबूवाला. आठ दिवसांत हैदराबाद सोडलं.

तर ऐका. तुमच्या म्हणण्यासारखंच झालं. जोड एकही सुटला नाही, दगड मात्र सगळे फुटले. तो पिवळा तांदूरचा दगड, आणखी दोन भिंतींना पुरला असता, त्याचा मलबा झाला. प्रत्येक ट्रॅक्टर भरून जाईपर्यंत मी उभा राहून बघितला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता तिथं माझा तंबू लागतोय. कुकटपल्लीच्या एका ऑफिसवरून धड उतरवलेल्या फरशा आहेत, प्रत्येकीच्या पाठीवर नंबर. जी शेवटी लागते ती आधी निघते, एक पाना पुरतो. इंजिनिअर मॅडमनी विचारलं, ओळंबा इतका सरळ धरायला कुणी शिकवलं? म्हटलं, कुणी नाही.

मागच्या विटांवर तुमच्या केमिकलचे चट्टे राहिलेत. त्यात तुमच्या दातेरी थापीच्या रेघा आहेत, डाव्या हातानं ओढलेल्या, उलट्या तिरक्या. मॅडम म्हणाल्या, ते घासून काढ, मगच फरशी लाव. मी सांगितलं, निघत नाहीत, आणि फरशी लावून टाकली.

पटाशी लावून पाहिलीसुद्धा नव्हती, अप्पा.