त्रेसष्ट पाठकोरे कागद

रोल्ला, शारजा
१९ जानेवारी २००१, शुक्रवार

ती. प्रमिलाताई,

साष्टांग नमस्कार. (हॉलमध्ये सोफा आल्यापासून साष्टांग घालायला जागा उरलेली नाही, तेव्हा उभ्यानेच घातला असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? मी चौकशी केली म्हणून त्यांना सांग, पण हे पत्र त्यांना मोठ्याने वाचायला देऊ नकोस. पत्र घेऊन आलेला गृहस्थ म्हणजे आमचा शेजारी ॲम्ब्रोज, मूळचा वसईचा, आठवड्याच्या रजेवर आलाय. लाजाळू आहे, पण दुसऱ्यांदा आग्रह केलास तर जेवेल.

इकडे सगळं ठीक. म्हणजे शोभना माझ्याशी पुन्हा बोलायला लागली आहे, वेदांग बोलतो ते इंग्रजीत बोलतो, आणि माझी नोकरी अजून शाबूत आहे. ती कशी राहिली ते सांगायला बसलोय. फोनवर सांगता आलं नसतं. तुमचा फोन भाऊजींच्या खुर्चीला चिकटलेला, आणि तुझ्या आधी हॅलो तेच म्हणतात.

आमचं ऑफिस लोकांचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवून देतं, हे तुला माहीत आहे. बहुतेक बँकांचे, विम्याचे. गेल्या वर्षी मात्र टांझानियाच्या किनाऱ्यावरच्या चौदा गावांचे खोके आले. तिथले डॉक्टर एक अभ्यास करतायत. गरोदर बाईला हिवताप झाला तर बाळ अशक्त जन्मतं आणि पुष्कळदा दगावतं. मग तिला औषध लावलेली मच्छरदाणी दिली तर बाळ वाचतं का? म्हणून सात गावांत मच्छरदाण्या वाटल्या, सात गावं तशीच ठेवली, आणि प्रत्येक बाळंतपणाचा एक फॉर्म भरला. फरक दिसला तर चौदाही गावांना मच्छरदाण्या मिळणार. नाही दिसला तर पैसे देणारे हात आखडता घेणार.

या कामाचा सुपरवायझर तुझा भाऊ. माझी शिस्त तुला ठाऊकच आहे. (तुझ्या रांगोळीचे ठिपके मोजून चूक काढणारा मीच.) तपासताना त्रेसष्ट फॉर्म असे निघाले की बाळाच्या नावाचा रकाना कोरा. मी हुकूम सोडला, नाव नाही म्हणजे फॉर्म अपुरा, आणि अपुरा फॉर्म बाद. मॅनेजर म्हणाले, खलास, एकदम क्लीन फाइल. माझी मान दोन दिवस ताठ होती.

आता बाद झालेले कागद फेकायचे? एका बाजूने कोरे करकरीत? ज्या नानांनी तुझ्या लग्नातल्या मानपानाची यादी लाइटबिलाच्या मागे केली, त्यांच्या मुलाच्या हातून हे होणे नाही. मी त्यांच्या वह्या शिवल्या. एक ऑफिसात ठेवली, एक घरी आणली. लोकांच्या आजारपणाचे कागद घरी न्यायचे नसतात, हे मला माहीत होतं. तरी नेले.

गेल्या आठवड्यात जुलेखाबाई आल्या. तिथल्या नर्स, घरोघर जाऊन हे फॉर्म त्यांनीच भरलेले. कॅसेट बघून बघून हिंदी झकास बोलतात. मी चहाबरोबर माझा तक्ता पुढे ठेवला. मच्छरदाणीवाली गावं आणि बिनमच्छरदाणीची, दोन्हीकडे जवळजवळ सारखेच आकडे. बाईंनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "हमारे छोटेवाले कहाँ गए?" मी त्यांना स्वच्छ माहिती म्हणजे काय यावर भाषण दिलं, हातवाऱ्यांसकट. त्यांनी ते पुरं होऊ दिलं. मग हळूच म्हणाल्या की त्यांच्या गावांत बाळाचं नाव सातव्या दिवशी ठेवतात. सातव्याच्या आधीच जे गेलं त्याला नाव कुठून असणार?

ताई, आपल्यात बाराव्या दिवशी. हे मला टांझानियाहून येऊन कुणी शिकवायला हवं होतं का? तक्त्यात फरक दिसत नव्हता, कारण गेलेली बाळं मीच काढून टाकली होती. मला माझी लाज वाटली.

मग शोधमोहीम. ऑफिसच्या वहीतले चाळीस मिळाले, त्यातल्या अकरांच्या मागे माझ्याच सह्यांचा सराव. घरच्या वहीतल्या सोळांवर वेदांगचे भागाकार. (तो म्हणाला, इट्स माय रफ वर्क, बाबा. मी म्हटलं, माझंही.) चार कागदांवर शोभनाच्या चिवड्याच्या याद्या. दोन कागद ॲम्ब्रोजने नेले होते, त्यांच्यामागे चर्चमधल्या गाण्यांचा क्रम. जुलेखाबाई प्रत्येक कागद उलटा करून हाताने सपाट करत होत्या. कुणाच्या भागाकाराला त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. ते जास्त लागलं.

बासष्ट झाले. ते चढवल्याबरोबर तक्ता पालटला. बिनमच्छरदाणीच्या गावांतली मरणं दुपटीहून जास्त. मी म्हटलं, बाई, आता एकाने हिशोब बदलत नाही, पाठवून देऊ. त्या म्हणाल्या, हिशोब नाही बदलत, पण मी त्या आईच्या दारात पुन्हा जाणार आहे. पक्का तक्ता एक फेब्रुवारीला जायचाय. मी त्यांना शब्द दिलाय.

वडिलांच्या पश्चात तूच मला रागावायचीस, तेव्हा या पत्रावरही खुशाल रागाव.

तुझा,
सदा

ता. क. ॲम्ब्रोजबरोबर मेतकूट पाठव, असं शोभना म्हणते.

ता. क. २. मेतकूट राहिलं तरी चालेल. त्रेसष्टावा कागद तुझ्याकडे आहे. दिवाळीचं पत्र मी तुला त्याच वहीतल्या पानावर लिहिलं होतं, "आमच्याकडे सर्व आनंदात" वगैरे. बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलं असशील. मागे इंग्रजीत फॉर्म आहे. आई क्रमांक २१४, वय एकोणीस. ताप, होय. मच्छरदाणी, नाही. जन्म तीन मार्च, मृत्यू आठ मार्च. झेरॉक्स नको, तोच कागद ॲम्ब्रोजच्या हातात दे. तो गुरुवारी परत निघतोय.

ता. क. ३. तूही एकोणीसच वर्षांची होतीस. पाळणा शेजारून आणला होता आणि दहाव्या दिवशी मीच तो परत देऊन आलो. कुणाला सांगायचं नाही, असं आई म्हणाली. मी नाही सांगितलं, तुझ्याशीसुद्धा कधी बोललो नाही. ते माझं चुकलं. पुढच्या महिन्यात जनगणनेचा माणूस तुमच्याकडे येईल. तो बाईला विचारतो, एकूण मुलं किती झाली आणि त्यातली हयात किती. भाऊजी आतूनच "दोन" म्हणून ओरडतील. त्यांना तेवढ्या वेळात मेतकुटाची डाळ आणायला पाठव आणि हयात दोन सांग, झाली तीन. नावाचा रकाना तिथे नाही, मी चौकशी केली आहे.