कमरेवरचा हात

डूब्राव्हा, टेक्सस
३ ऑक्टोबर

चि. आल्विनला अनेक आशीर्वाद.

डोळ्यांनी आता साथ सोडल्यातच जमा आहे. ओळी एकमेकींच्या अंगावर गेल्या असतील तर सांभाळून घे.

शनिवारी नाचघरात गेले होते. अ‍ॅकॉर्डियन सुरू झालं की माणसं धुक्यातून तरंगत आल्यासारखी येतात. तोल जाऊ नये म्हणून मी जोडीदाराची कमर धरते, आणि हातानेच ओळखते कोण ते. या खेपेला सात जणांबरोबर वॉल्ट्झ केला. चौघांच्या कोटाखाली पिस्तूल लागलं. चौथे तर आपले पाद्रीबाबा. डोळसांना दिसत नाही ते मला कळलं आणि भीती वाटली.

तुझं दुकान लुटलं गेल्यापासून तूही पिस्तूल बाळगतोस. माझ्या पंच्याहत्तरीला ते घरी ठेवून ये, नाहीतर मी तुझ्याबरोबर नाचणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी लिडी

ह्यूस्टन
११ ऑक्टोबर

ती. लिडीताईस सा. न. वि. वि.

पाद्रीबाबांची झडती घेणारी गावात तू पहिलीच. हसून झालं, आता रागावतो. दुकानात त्या लुटारूने माझ्या छातीवर पिस्तुलाची नळी टेकवली तेव्हा तू नव्हतीस. तेव्हापासून पिस्तुलाशिवाय पाव आणायलाही बाहेर पडवत नाही. परवाना आहे, रीतसर शिकलोय. येईन, पण पिस्तूल घेऊनच, आणि खुर्चीत बसून राहीन. खसखशीच्या सारणाचे गोड कोलाचे-पाव वेगळे काढून ठेव.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझा आल्विन

डूब्राव्हा
१८ ऑक्टोबर

चि. आल्विनला आशीर्वाद.

बसायचंच तर येऊ नकोस, असं लिहिणार होते. लिहवलं नाही. तुझ्या भीतीचा मला राग नाही रे. पण आता हाताला लागेल तेवढंच माझं जग. त्यात तू लोखंडाचा नकोस.

वाट पाहते.
लिडी

ह्यूस्टन
१० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. पंच्याहत्तरीच्या नाचात, म्हातारपणाने आल्विनचे हात थरथरतात, असं तू सगळ्यांना सांगत होतीस. म्हातारपण नव्हतं ते. पिस्तूल इथे कपाटात होतं, आणि दार वाजलं की माझी पाठ गार पडायची. तुला भोवळ येते म्हणून आपण जागच्या जागी झुलत होतो ना? तीन वॉल्ट्झ मी तुझी पाठ दाराकडे ठेवली. तुझ्या आड उभा होतो, ताई. हे ध्यानात आलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौथ्याला मी फिरलो आणि दाराकडे माझी पाठ केली.

तेव्हाच तू म्हणालीस, “आता कुठे तुला ताल सापडला.”

आहे तसा पदरात घे.
तुझा आल्विन